दोन होकार

जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणाऱ्या भाविका नावाच्या मुलीने आपली कथा एकाच दिवशी दोन दिवाळी अंकांकडे पाठवली, तेव्हा तिला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते. एका साच्यातल्या मूर्ती पुण्याचा व्यापारी नेतो आणि पनवेलचाही नेतो. कोणी जाब विचारत नाही.

कथा अद्भुत होती. खाडीकाठच्या गावातून दर ओहोटी एका माणसाचा आवाज घेऊन जाते आणि भरतीला परत करते. एकदा मात्र सासूचा आवाज सुनेच्या तोंडी येतो. यापूर्वीच्या तिच्या तीन कथा ‘बालविभागाकडे पाठवाव्यात’ अशा शेऱ्यासह परत आल्या होत्या. त्यामुळे जूनमध्ये रोह्याच्या छोट्या अंकाच्या संपादक विमलबाईंचा होकार आला, तेव्हा तिने आनंदाने मान्यता कळवली. ऑगस्टमध्ये पुण्याच्या नामांकित अंकाचाही होकार आला. सोबत एक नमुना होता: ही कथा अन्यत्र दिलेली नाही, असे लिहून सही करावी.

शेजारी सोंडेला रंग देणाऱ्या पारीने सगळे ऐकून घेतले.

“कर की सही. रोह्याचा अंक पुण्यात कोन वाचतो गो?”

भाविकाच्याही मनात नेमके हेच आले होते, तरी खोटी सही करणे तिला पटेना. पण पुण्याचा अंक तालुक्या-तालुक्यांतल्या वाचनालयांत जातो, त्यामुळे तो होकार सोडवतही नव्हता. कथा रोह्याहून मागून घ्यायची, असे ठरवून तिने ऐन घाईत अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. मालक कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

रोह्याला ती ज्यांच्या घरी गेली, त्या विमलबाई निवृत्त शिक्षिका होत्या. भाविकाने काहीही न लपवता सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि आदल्या दिवशीच छापखान्यातून आलेले प्रूफ तिच्यापुढे ठेवले. छापील अक्षरांतले स्वतःचे नाव पाहून ती क्षणभर सुखावली. तिसऱ्या पानावर मात्र थबकली. खाडीला कोणी, कधी आणि का शाप दिला, हे सांगणारा अर्ध्या पानाचा परिच्छेद नव्हता.

“माझा शाप कुठे गेला?”

“काढला,” विमलबाई म्हणाल्या. “तुझ्या कथेतल्या गावात कोणी विचारत नाही, ओहोटी असं का करते म्हणून. त्यांना ते रोजचंच आहे. मग वाचकाला तू का समजावत बसलीस? हवा असेल तर परत घालते. प्रूफ त्यासाठीच दाखवतात.”

राग गिळून भाविकाने पान पुन्हा वाचले. आता भरतीच्या पाण्यामागोमाग थेट सुनेचा पहिला शब्द येत होता, सासूच्या आवाजात. तो परिच्छेद लिहायला तिला आठवडा लागला होता. पण पुण्याने जी कथा स्वीकारली, ती याहून उणी होती, हे तिला स्वच्छ दिसले.

विमलबाईंनी तिच्याकडे न पाहता सांगितले की ही सुधारलेली प्रत तिने खुशाल पुण्याला द्यावी. पाने बदलता येतील, राग धरणार नाही. “फक्त दोघांना नाही मिळायची. ते तू ठरव.”

भाविका ओटीवर गेली आणि तिने पुण्याला फोन लावला. आपण कथा दोन ठिकाणी पाठवली, ही चूक आपली; रोह्याला आधी शब्द दिला आहे आणि कथा तिथेच छापली जाईल, असे तिने सांगितले. पलीकडचे संपादक कोरड्या स्वरात म्हणाले की नवोदितांनी निदान नियम तरी वाचावेत. तिच्या कथेसाठी ठेवलेल्या सहा पानांवर आता दुसऱ्या कोणाला घ्यावे लागेल.

“बरोबर आहे, सर. पुढच्या वर्षीसाठी कथा कधीपासून घेता?”

“मार्चपासून. पण मी कसलाही शब्द देत नाही.”

“नका देऊ. कथा पाठवीन. फक्त तुमच्याकडे.”

आत येऊन तिने विमलबाईंचे पेन मागितले, चौथ्या पानावरचा एक राहिलेला अनुस्वार दिला, दुसरीकडे एक विशेषण स्वतःहून खोडले आणि शेवटच्या पानाखाली ‘छापण्यास योग्य’ असे लिहून सही केली.