चौकटीत बसणारी भेग

फोटोकाकांनी पस्तीस वर्षं लोकांची डोकी एकाच मापात बसवली. पासपोर्ट फोटोचं दुकान होतं त्यांचं. समोर तान्हं मूल बसो की पैलवान, डोकं चौकटीत वर थोडी, खाली थोडी जागा सोडून नेमकं बसलंच पाहिजे. दुकान बंद झालं, पण बोटांची सवय गेली नाही. "जित्याची खोड..." काकू म्हणायच्या आणि म्हण अर्धीच सोडून द्यायच्या.

शेजारच्या रिकाम्या जागेत नव्या इमारतीसाठी खड्डा खणायला लागले आणि काकांच्या तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत भिंतीला भेग पडली. वीतभर लांब, केसासारखी बारीक, दिव्याच्या बटणाला लागून वर गेलेली. खोदकामावरचा इंजिनिअर बघायला आला. "भेगा पडतातच हो," तो म्हणाला. "लांबते का, तेवढं बघायचं. दर रविवारी फोटो पाठवा. लांबली तर त्याच क्षणी काम बंद, आणि तुम्ही सगळे बाहेर."

इमारतीत आठ बिऱ्हाडं. बाकीच्या सातांनी काकांकडे बोट दाखवलं. फोटोतला जाणता माणूस दुसरा होता कोण? शिवाय त्याच खोलीत काकांची लेक दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन झोपायची. पाळणा भेगेच्या बरोब्बर खाली, कारण वारा तिथेच लागायचा.

फोनने फोटो काढणं काकांना कमीपणाचं वाटे. "फोन सगळ्यांना गोरं करतो, भिंतीलाही करेल," म्हणत ते कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी खिशात मावतील असे दोन छोटे डिजिटल कॅमेरे पुढे ठेवले.

"काका, एकाच जागेचे फोटो काढायचेत ना? मग हा घ्या. याला झूमच नाही. जमिनीवर खूण करायची, तिथे उभं राहायचं, बटण दाबायचं. दर वेळी माप तेच येईल."

"मला शिकवू नका हो, बाई. केस पांढरे झाले या धंद्यात," काका म्हणाले आणि झूमवाला उचलून घरी आले. घ्या! बाईंनी आणखी काय करायचं होतं?

एक मात्र कबूल केलं पाहिजे, फोटो ते देखणे काढायचे. दर रविवारी अकराला, खिडकीचा उजेड तिरपा पडला की. फ्लॅश बंद, कोपरं बरगड्यांना टेकवलेली, श्वास रोखलेला. भेग चौकटीत, वर थोडी जागा, खाली थोडी जागा. मागच्या रविवारचा फोटो शेजारी धरून ते बघत. हुबेहूब! मग इंजिनिअरला एक पाठवायचा, त्याचं "छान" असं उत्तर यायचं. घरोघरी एकेक छापील प्रत द्यायची, तिच्या मागे वळणदार अक्षरात लिहायचं, 'केसभरही फरक नाही', आणि खाली सही ठोकायची.

मधल्या काळात खोलीचं दार चौकटीला घासायला लागलं. "लाकूड फुगलंय," काका म्हणाले. बाळाच्या दुपट्यावर रोज सकाळी पांढरी भुकटी दिसायची. काकू ती झटकून टाकत. लेक एकदा म्हणालीच, "बाबा, भेग वाढल्यासारखी वाटते हो." काकांनी तिच्यापुढे फोटो टाकले. "डोळे फसवतात, पोरी. फोटो नाही फसवत."

अकरा रविवार झाले. त्यानंतरच्या बुधवारी दुपारी खड्ड्यातलं मशीन जेवणासाठी थांबलं होतं. रोज एक ते दोन मशीन बंद असे आणि तेवढ्या वेळातच बाळाला शांत झोप लागे. लेकीने अकराही फोटो पलंगावर ओळीने मांडले होते.

"बाबा, हे दिव्याचं बटण लहान लहान का होत गेलंय?"

पहिल्या फोटोत बटण अंगठ्याच्या नखाएवढं होतं. शेवटच्या फोटोत मसुराच्या दाण्याएवढं.

"अगं, बटण कशाला लहान होईल? भेग चौकटीत मावत नव्हती, म्हणून दर वेळी झूम जरासा मागे..."

काका वाक्य अर्धंच टाकून उठले. ते भिंतीपाशी गेले, भेगेवर पंजा पसरला. एक वीत. दोन. आणि वर अजून अर्धी. आयुष्यात कधी नव्हते एवढे काका घाबरले.

"बाळाला उचल. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहा. काही घेऊ नकोस!"

घड्याळात दोनला वीस मिनिटं होती. इंजिनिअर फोन उचलेना. "तू खड्ड्यावर जा," त्यांनी काकूंना सांगितलं, "मशीन चालू करू देऊ नकोस." आणि ते जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावरची दोन्ही बिऱ्हाडं कामावर गेलेली होती, दारांना कुलपं. दुसऱ्या मजल्यावर शिंपीणबाई दोन मुलींना हाताशी घेऊन शिवत बसल्या होत्या.

"सगळ्या खाली चला! भेग वाढलीय!"

शिंपीणबाई हसल्या. "काहीतरीच काय, काका! रविवारीच तर फोटो दिलात." फ्रिजवर चिकटवलेला फोटो त्यांनी काढून आणला. "बघा की. आहे तेवढीच आहे."

"फोटो चुकलाय, बाई. माझं चुकलंय."

"तुमचा फोटो आणि चुकेल?" त्यांनी एका मुलीला पाणी आणायला सांगितलं. "बसा हो. किती धाप लागलीय तुम्हाला. आम्ही सगळे तुमच्या भरवशावर तर निवांत झोपतो."

काकांनी फोटो उलटा केला. 'केसभरही फरक नाही.' खाली सही. त्यांनी शिंपीणबाईंचा हात धरला आणि दाराकडे ओढला. शिंपीणबाईंनी तो सोडवून घेतला, रागाने नाही, म्हाताऱ्या माणसाच्या हातून सोडवतात तसा.

खिडकीतून काकूंचा ओरडण्याचा आवाज आला, त्यावर खड्ड्यातून एका पुरुषाचा आवाज आला, "अहो काकू, फोटो बघूनच इंजिनिअर साहेबांनी काम चालू ठेवायला सांगितलंय."

दोन वाजले. मशीन सुरू झालं.