कॅमेऱ्याचा हिरवा दिवा

मार्गिलान या उझबेक शहरातल्या एका रेशीम कारखान्यात सकाळी सगळ्यांच्या आधी मुकर्रम-आपा येत. घरी पहाटेचा नमाज झाला की डोक्याचा रुमाल नीट करून त्या निघत, आणि मागावर बसण्याआधी समोरच्या खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत. हा नेम थंडीत, तापात कधी चुकला नाही. कॅमेऱ्याच्या पोटाशी एक बारीक हिरवा दिवा होता. इंटरनेटवरून लांबून कुणी त्यातून पाहू लागलं की तो लागायचा.

"आलास का रे? जेवलास?" दिवा लागला की आपा विचारत. कॅमेऱ्याला कान नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पण आईनं विचारायचं ते विचारायचंच.

कॅमेऱ्याखालीच खिळ्याला कापडात बांधलेली एक वाळकी रोटी होती. आपांचा एकुलता एक मुलगा शेरझोद रशियात बांधकामावर निघाला, तेव्हा त्यानं तिचा एक घास दातांनी तोडला होता. प्रवासाला जाणाऱ्यानं असा घास तोडायचा आणि उरलेली रोटी परत येऊन संपवायची. तोवर घरच्यांनी ती जपायची. आपांनी ती घरी न ठेवता इथे आणून टांगली, का तर पाहताना त्याला दिसावी.

जाण्यापूर्वी या कारखान्याचे कॉम्प्युटर शेरझोदच बघायचा. कॅमेरा त्यानंच लावला. तिकडे आज हा फोन, उद्या तो, आज या खोलीत, उद्या त्या. म्हणून जाताना त्यानं परक्यांना बाहेरच अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये कॅमेऱ्यापुरतं एक दार उघडं ठेवलं. ना कडी, ना कुलूप. ज्याचा मुलगा प्रवासाला गेलाय त्या घराच्या फाटकाला आपा तरी कुठे अडसर घालत होत्या?

त्याच दारानं यंदाच्या वसंतात कुणी परका आत शिरला आणि नक्ष्यांच्या सगळ्या फायलींना कुलूप घालून गेला. विणकरांना जुने कागद शोधून, आठवून नक्ष्या पुन्हा काढाव्या लागल्या. तेव्हा कुठे मालक तुल्किन-आकांनी झेबीनिसोला बोलावलं. झेबीनिसो शेरझोदच्या वर्गातली. बाजारातल्या पाच-सहा दुकानांचे कॉम्प्युटर ती सांभाळायची. तिनं दोन फायरवॉल चाचणीसाठी मागवल्या, एक राखाडी पेटी आणि एक काळी.

"खरबूज सुद्धा माणूस वास घेऊन लगेच उचलतो," तुल्किन-आका चहा ओतत म्हणाले. "तू या पेट्यांना किती दिवस हुंगणार आहेस, पोरी?"

"खरबूज कडू निघालं तर शेळीला घालता येतं, आका. ही कडू निघाली तर?"

"राखाडी स्वस्त आहे ना? मग तीच गोड."

झेबीनिसो हसली, पण कामात तिनं कसूर केली नाही. खोक्यावर छापलेला वेग दोन्हींचा सारखाच होता. खरी तपासणी सुरू केली, प्रत्येक येणारी गोष्ट उघडून बघायला लावली, की राखाडी पेटी धापा टाकायची. काळीही मंदावायची, पण चालत राहायची. दोन्हींची वर्गणी दरवर्षी भरायची. नाही भरली तर पेटी जागेवरच राहते, फक्त तिला नवे चोर ओळखता येत नाहीत. फरक मुख्य एकच होता. राखाडी पेटी बाहेरची सगळी दारं बंद करायची. काळीत एकेका माणसाला स्वतःची किल्ली देता येत होती. ज्याची किल्ली, त्यालाच वाट.

राखाडी पेटी लावली त्या दिवशी हिरवा दिवा लागला नाही. आपा झेबीनिसोच्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"झेबी, दिवा गेलाय गं."

"नवी पेटी बघतेय आपा. उद्या येईल."

"येऊ दे हो. तो तिकडे वाट बघत बसेल. आधीच शरदापासून त्याचा फोन नाही." आपा कुणाची तक्रार करावी तशा नव्हत्या बोलत, जणू हवामान सांगत होत्या. "सोबतची मुलं म्हणतात, लांबच्या कामावर गेलाय. नंबर बंद आहे. पण रोज बघतो ना मला. बघतो म्हणजे बरा आहे."

दुसऱ्या दिवशी झेबीनिसोनं काळी पेटी लावली आणि ते जुनं दार तेवढं तात्पुरतं उघडून ठेवलं. कॅमेऱ्याच्या दाराशी कोण येतं हे काळी पेटी पडद्यावर दाखवत होती. ती मान खाली घालून बघत बसली. येणारे सगळ्या दिशांनी येत होते, क्षणभर दार ढकलून पाहत होते आणि पुढच्या दाराकडे जात होते. ती माणसंच नव्हती. जगभरची उघडी दारं चाचपत फिरणारी यंत्रं होती. त्यांतलं एक रोज सकाळी आपांच्याच वेळेला येई, आणि दिवा लागे. रशियातून तर कुणीच येत नव्हतं. तिनं आणखी काही दिवस बघितलं. तरीही नाही.

बाहेर आपा हात हलवत होत्या. "जाड कोट घाल रे," असं काहीतरी म्हणत होत्या.

त्या आठवड्यात झेबीनिसोला घास गोड लागला नाही. सांगावं, तर आपांचा एवढा एकच आधार जाईल. न सांगावं, तर दार उघडं राहील आणि पुन्हा चोर येतील. राखाडी पेटी लावली तर दिवा कायमचा विझेल आणि आपा म्हणतील, लेकाची वाट तू बंद केलीस. काळी लावली तर वाट राहील. पण मग दिवा खरं तेवढंच बोलेल.

"काळी घ्या, आका," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या हिशेबनीस बाई ताश्कंदमध्ये बसून काम करतात, त्यांना किल्ली लागेलच. आणि राखाडीला दम नाही."

तुल्किन-आकांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "आणि आणखी एक किल्ली?"

झेबीनिसो राखाडी पेटीची वायर गुंडाळू लागली.

"बनव," ते म्हणाले, आणि चहाचा पेला उगाचच फिरवत बसले. "किमतीची घासाघीस मी दुकानदाराशी करून घेतो. तोंड आहे ते कशाला?"

काळी पेटी कायमची बसली त्या सकाळी आपांनी झेबीनिसोला मागाजवळ बोलावलं. दिवा लागलेला नव्हता.

"शेरझोदला किल्ली पाठवलीस?"

"त्याच्या नंबरवर पाठवली, आपा. फोन चालू केला की त्याला मिळेल."

"आणि आता त्याच्याशिवाय कुणी दिवा लावू शकणार नाही?"

"कुणी म्हणजे कुणीच नाही."

हे शब्द तिनं धीर द्यायला म्हटले होते. तोंडातून गेले आणि तिला कळलं, काय झालं ते. आपांचा धोट्यावरचा हात थांबला. त्यांनी खांबाकडे पाहिलं.

"म्हणजे आधी कुणीही लावू शकत होतं," त्या हळूच म्हणाल्या.

झेबीनिसोनं मान खाली घातली.

"मग मी कुणाला हात करत होते गं, पोरी?"

मागाखाली रेशमाचे तुकडे पडले होते. झेबीनिसो ते वेचू लागली. यंत्रांना, हे तिला सांगता येईना. आपांनीही पुन्हा विचारलं नाही. डोळ्यांना रुमालाचं टोक लावलं, उठल्या आणि खिळ्यावरची रोटी काढली. कापड सोडून तिच्यावरची धूळ फुंकली. शेरझोदच्या दातांची कड अजून तशीच होती. त्या कडेवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

"असो. जे कुणी होतं, त्यालाही कुणीतरी जेवलास का म्हणून विचारलं. वाया नाही गेलं."

रोटी पुन्हा बांधून त्यांनी जागेवर टांगली.

त्यानंतर आपांनी कॅमेऱ्याला हात केला नाही. येत, बसत, विणत. बसण्याआधी फक्त एकदा वर बघत, दुखरा दात जिभेनं चाचपावा तसं.

वर्ष सरलं आणि पेटीची वर्गणी भरायची वेळ आली. तुल्किन-आका काम संपवून निघाले होते. कोणत्या किल्ल्या ठेवायच्या, कोणत्या काढायच्या, हे पडद्यावर बघत झेबीनिसो बसली होती. शेरझोदच्या किल्लीपुढे लिहिलं होतं, एकदाही वापरलेली नाही. दारात कुणाची चाहूल लागली. आपा होत्या, हातात वाफाळता चहा.

"त्याची ठेवलीस ना?"

"ठेवली, आपा."

"ठेव हो." त्यांनी चहा तिच्यापुढे सरकवला. "फाटकाला मी अजून अडसर घालत नाही."

मग त्या मागाकडे गेल्या. झेबीनिसोला खांब इथून दिसत होता. चहा निवेपर्यंत ती तिकडेच बघत राहिली. दिवा लागला नाही. तिकडे धोटा चालू झाला.