मुळाच्या बेचक्यात उरलेला

दचकू नका, मी बोलतोय. पाणकणसाच्या मुळाला चिकटलेला एक जीवाणू. मी तुम्हाला दिसणार नाही. दिसलो असतो तर कदाचित हे सगळं घडलंच नसतं.

माझा जन्म पाणथळीतल्या काळ्या चिखलातला. त्या चिखलाला वारा कसा तो ठाऊक नाही. पण पाणकणसाचं खोड आतून पोकळ असतं. त्यातून हवा मुळांपर्यंत उतरते आणि थोडीशी बाहेर झिरपते. त्या झिरपलेल्या हवेत आमची वस्ती. मुळावर गंजासारखा तांबूस थर असायचा आणि आम्ही त्यात दाटीवाटीने राहायचो.

रंगीत मासे वाढवणाऱ्या एका माणसाने ती झाडं चिखलासकट उचलली आणि आपल्या शेडमधल्या कुंडात लावली. टाक्यांमधलं पाणी त्या कुंडातून फिरून परत टाक्यांत जायचं. माशांच्या घाणीतला अमोनिया मी खायचो. माझं उष्टं शेजारी खायचा, त्याचं नायट्रेट करायचा. त्यातलं थोडं झाड प्यायचं, उरलेलं खाली काळ्या चिखलात उतरायचं. तिथल्या मंडळींना हवा सोसत नाही. ती त्याचा वायू करून वर सोडून द्यायची. कुणी कुणाचे आभार मानत नव्हतं, पण कुणावाचून कुणाचं भागतही नव्हतं.

मग एक मोठं गिऱ्हाईक शेड बघायला येणार असं ठरलं. त्या माणसाच्या धाकट्या बहिणीने पदर खोचला. झाडं उपटली, चिखल गटारात ओतला आणि ब्लीचिंगच्या पाण्यात ब्रश बुडवून मुळं घासली.

"बघ ना दादा, कशी पांढरीशुभ्र झाली!"

"अगं, मुळं धुतेस की नवरी सजवतेस?"

दोघं हसली. मी एका बेचक्यात अडकलो होतो. ब्रश तिथवर पोचला नाही. आमच्यात बोलणं चवीचं असतं. कुणी काही टाकलं, की शेजाऱ्याला ते चवीवरून कळतं. झाडं परत कुंडात गेली, तेव्हा पाण्याला कुणाचीच चव नव्हती.

थोड्याच दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. दादाने बोटाएवढ्या पिल्लांपासून वाढवलेल्या जुन्या माद्यासुद्धा. सगळी पैदास त्यांच्यावरच. दादा निळ्या औषधाची बाटली घेऊन धावत आला.

"रोग पडलाय. ओततो सगळीकडे!"

"थांब रे! आधी पाणी तपासू दे." तिने काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग गडद हिरवा झाला, तसा तिचा चेहरा उतरला. "अमोनिया आहे, दादा. मुळांवरची ती तांबडी घाण... घाण नव्हती ती."

"मग काय होतं?"

"आपली कामाची माणसं होती, असं समज."

"आणि तू त्यांना ब्रशने घासलंस?"

"तू तरी कुठे अडवलंस? नवरी म्हणे!"

"बरं बाई. पाणथळीवरून परत चिखल आणू."

"कुठून आणणार? तिथे भराव पडलाय. काल बघून आले मी."

दादा टाकीच्या काठावर बसला. "मग?"

"माद्यांचं खाणं बंद. रोज पाणी बदलायचं. औषध टाकलं, तर कुणी वाचलं असेल तेही जाईल."

"वाचलंय का कुणी?"

"काय माहीत," ती म्हणाली.

मी होतो ना! पण सांगणार कसं?

तेव्हापासून मी राबतोय. काही माद्या गेल्या. आज मी दुभंगलो, एकाचे दोन झालो. आनंद व्हायला हवा होता. पण तोही मीच. त्याला विचारावं असं माझ्याकडे काही नाही.

आणि एक भीती आहे. माझं उष्टं खाणारा कुणी उरलेला दिसत नाही. ते पाण्यात साठलं, तर माशांना तेही विषच. म्हणजे मी जितकं जीव तोडून काम करीन, तितकं हे दुसरं विष वाढेल. तो शेजारी दुसऱ्या एखाद्या मुळाच्या बेचक्यात जिवंत असेलही, माझ्यासारखाच गप्प.

ताई, काही आठवड्यांनी नळीतला हिरवा रंग फिका दिसेल. तुला वाटेल, जिंकलो. पण ते थेंब फक्त अमोनिया दाखवतात, माझं उष्टं नाही. तरी पाणी बदलायचं थांबू नकोस. तो सापडेपर्यंत मी अर्धाच आहे.