मार्तंड सरांच्या डाव्या हातातला मी

मी बॉक्सिंगचा पॅड बोलतोय, मार्तंड सरांच्या डाव्या हातातला. उजवा माझा भाऊ. तो नशीबवान, त्याला फक्त मार खायचा असायचा. मला द्यावाही लागायचा. समोरच्याचा जॅब, म्हणजे डाव्या हाताचा तो सरळ, झटपट ठोसा, कसा अडवायचा हे शिकवताना सर तो माझ्याकडूनच मारून घ्यायचे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो कोण जाणे. मला कळू लागलं ते मुलुंडच्या व्यायामशाळेत. सरांचे वडील मालवणहून गिरणीत आलेले. सर अंधेरीला एमआयडीसीत स्टोअर सांभाळतात आणि सुटले की थेट तिथे येतात. माझी शिवण कितीदा उसवली, पण त्यांनी मला टाकलं नाही. दाभण घेऊन स्वतः शिवत बसायचे.

श्रुतिका आली तेव्हा सोळाची होती. बुटकी आणि महाहट्टी. बुटक्या मुलीला जॅबचा फार जाच. उंच मुलगी लांबूनच टोचत राहते, जवळ येऊ देत नाही.

"मागे पळू नको गं," सर सांगायचे. "उजव्या तळव्याने ठोसा हलकेच बाजूला सार, डोकं बाहेर काढ नि आत घूस. आणि खांदा बघ तिचा. आधी खांदा हलतो."

ती खांदा बघते असं सरांना वाटायचं. ती ऐकायची, हे फक्त मला ठाऊक. मला पुढे टाकण्याआधी सर नाकातून "हं" करायचे. पोरीला लागू नये म्हणून मायेने जडलेली खोड असावी. "हं" आलं की तिचा तळवा हजर! एकदा सरांचं नाक चोंदलं होतं. "हं" निघालंच नाही आणि मी तिच्या गालावर बसलो.

"लक्ष कुठंय तुझं?" सर ओरडले.

"सॉरी सर."

विषय तिथेच संपला. मला वाचा असती तर घसा फोडून ओरडलो असतो.

मार्चमध्ये राज्याच्या संघासाठी निवड होती. समोर बोरिवलीची गार्गी, तिच्याहून वीतभर उंच आणि अगदी मुक्याने खेळणारी. मी रिंगबाहेर सरांच्या काखेत. पहिला जॅब श्रुतिकाच्या नाकावर, दुसरा उजव्या डोळ्यावर. तळवा दर वेळी उशिरा. राउंड संपल्यावर ती स्टुलावर कोसळली.

"सर, ती आवाजच करत नाही यार! कधी येतोय कळतच नाही."

सर पांढरेफटक पडले. त्यांना कळलं होतं. तेव्हाच लढत थांबवायची ना! पण निवडीचा मोह वाईट. "खांदा बघ, खांदा," म्हणत त्यांनी तिला परत पाठवलं.

त्या राउंडमध्ये तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, खेळ बंद, आणि या डोळ्याला यापुढे आता दिसतंय तेवढंच धूसर दिसणार.

दोन महिन्यांनी ती आईबरोबर, नीलमताईंबरोबर, व्यायामशाळेत आली. "सर, एकदाच पॅड धरा ना."

सरांनी श्वास रोखून धरला आणि मला अगदी सावकाश पुढे नेलं. या वेळी ती खरोखर खांदा बघत होती. पण मी आलो तिच्या उजव्या बाजूने. मी गालाला टेकलो, त्यानंतर तिचा तळवा उठला.

"नाही लागलं, सर," ती हसत म्हणाली.

"माझा चुकला गो बाय," म्हणत सर मला तोंडाशी धरून रडले. इतकी वर्षं घाम प्यायलो होतो, हे पाणी सोसवेना.

त्या दिवसापासून सर शिकवताना नाकावर रुमाल घट्ट बांधू लागले. नवी मुलं हसायची. हसू नका रे त्यांना.

पुढे श्रुतिकाने मला मागून घेतलं. आता मी तिच्या घरी खिळ्यावर असतो. रोज सकाळी ती चांगला डोळा झाकते आणि माझ्याकडे बघते.

"आई, कालपेक्षा आज स्पष्ट दिसतोय गं."

"हो ना, दिसणारच," नीलमताई म्हणतात, आणि आत जाऊन नळ मोठा सोडतात.