मी बदललेला शेवट

यंदा मार्च ते जून मी सात कादंबऱ्या वाचल्या. चार खुनाच्या, तीन जादूच्या. सगळ्या मोठ्यानं वाचल्या, कारण घरात ऐकणारा माणूस होता. नवघर रोडवर राजेशचं वाचनालय आहे. पुस्तकं परत करायला गेले तेव्हा तो म्हणाला, "काकू, ग्रुपवर दोन ओळी टाका ना, कुठलं कसं वाटलं. तुम्ही लिहिलं की लोक नेतात पुस्तक." दोन ओळींत मावणारं काही नव्हतं, म्हणून तिथे "बऱ्या आहेत" एवढंच टाकलं. इथे खरं ते लिहिते.

पहिली खूनकथा भिकार होती. खुनी डावखुरा आहे हे लेखकाला दोनशे पानं झाल्यावर आठवतं. दुसरी चांगली, पण तिच्यातल्या इन्स्पेक्टरला आपल्या मेलेल्या बायकोचं इतकं दुःख आहे की तपासाला त्या बापड्याला सवडच मिळत नाही. जादूच्या तिन्ही माझ्या मुलीनं, गंधालीनं, बोरिवलीहून आणल्या. उडणारे घोडे, बोलणारे डोंगर, आणि पहिल्या भागात मेलेला राजा तिसऱ्या भागात ताजातवाना परत. अशा लेखकांचा मला राग येतो. मेलेला माणूस परत आणायचाच होता तर आधी चाळीस पानं आम्हाला रडवलं कशाला? एकीत मात्र एक जलराणी आटत चाललेल्या नदीचा निरोप घेते. ते वाचताना माझा आवाज घोगरा झाला आणि मला घशात खवखव झाल्याचं सोंग करावं लागलं.

सोंग करावं लागलं ते आमच्या ह्यांच्यासाठी. हे म्हणजे नंदकुमार, माझे यजमान. एका विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचे. भिवंडीला कुठे गोदाम जळालं की हे राख चिवडायला जाणार आणि आग लागली की लावली ते सांगणार. सहा वर्षांपूर्वी ह्यांच्या डोळ्यांचे पडदे निकामी झाले. समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. तेव्हापासून ह्यांचे डोळे म्हणजे मी. डोकं मात्र ह्यांचं स्वतःचं होतं आणि त्याचा ह्यांना भारी गर्व होता.

खूनकथा वाचायची आमच्या घरी एक रीत होती. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं, चहा टाकायचा, आणि हे निकाल द्यायचे. खून कुणी केला, कसा केला, आणि मुख्य म्हणजे का केला. हेतू सापडल्याशिवाय हे निकालच देत नसत. मग मी उरलेली पानं वाचायची. दहातले आठ निकाल बरोबर यायचे. त्या दिवशी स्वारी जेवताना दोन घास जास्त खायची आणि चारकोपला नानांना फोन लावायची. नाना म्हणजे ह्यांचे कचेरीतले जुने मित्र, तेही खूनकथांचे भक्त. दोघांचा एक नियम होता: फोनवर शेवट उच्चारायचा नाही, कारण घरात दुसऱ्या कुणी ते पुस्तक वाचलेलं नसलं तर त्याचा रसभंग होतो. "जमला" किंवा "फसला", एवढंच बोलायचं. चाळीस वर्षं दोघांनी तो नियम पाळला.

मार्चमध्ये ह्यांचे डोळे पिवळे झाले. मला वाटलं कावीळ. निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टर मला आणि गंधालीला बाजूला घेऊन म्हणाले, तीन महिने, फार तर चार. पित्ताच्या नळीत त्यांनी एक बारीक नळी बसवली आणि पिवळेपणा उतरला.

"बाबांना काही सांगायचं नाही," गंधाली रिक्षातच म्हणाली. "ते हाय खातील गं. आहेत ते दिवस तरी सुखाचे जाऊ देत."

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं, म्हणून दोष तिच्यावर ढकलणार नाही. घरी आल्यावर ह्यांनी रिपोर्ट मलाच वाचायला सांगितला. मी वाचला. कागदावर नसलेलं वाचलं. पित्ताच्या नळीत खडा होता, निघाला, अशक्तपणा भरून यायला वेळ लागेल. हे म्हणाले, "बरं झालं, खड्यावर निभावलं." एकदा वाचून बघितलं आणि जमलं. तिथून मला ती सवय लागली.

कारण पुस्तकांत फार मरतात हो माणसं. खून झाला तर काही नाही, खुनाची आम्हाला सवय. पण एखादं पात्र आजारानं अंथरूण धरतं, डॉक्टर मान हलवतात, नातेवाईक बाहेर जाऊन कुजबुजतात. असं पान आलं की मी ते गाळायला लागले. पुढे काय येणार ते कळावं म्हणून ह्यांचा दुपारी डोळा लागला की शेवट आधी वाचून ठेवायला लागले. आमच्या घरात त्याहून मोठं पाप नव्हतं.

तिसरी खूनकथा नानांनी चारकोपहून मुद्दाम कुणाबरोबर तरी पाठवली होती. लाख पुस्तक. घाटातला बंगला, आत एक म्हातारा कारखानदार, रात्रीच्या दुधात विष. संशयित तीन: पुतण्या, दुसरी बायको, नर्स. दुपारी मी शेवट वाचला. विष म्हाताऱ्यानं स्वतःच घेतलं होतं. त्याला कॅन्सर होता, थोडे महिने उरले होते, आणि त्याला ते कळलं होतं. लेखकानं किती हुशारीनं सगळं पेरलंय, ते शोधत मी मागे मागे गेले. डॉक्टरांच्या भेटीचं प्रकरण सबंध गाळायचं ठरवलं. औषधांच्या बाटल्या गाळल्या. पट्ट्याला पाडलेलं नवीन भोक आणि कुणाला तरी देऊन टाकलेला कुत्रा, ही दोन वाक्यं गाळायची माझ्याकडून राहून गेली.

शेवटच्या प्रकरणाशी आलो. चहा झाला. हे उशीला टेकून बसले होते, खालच्या अंगणात कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"खून नाहीच झाला," हे म्हणाले. "म्हाताऱ्यानं स्वतः घेतलं. पट्ट्याला नवीन भोक पाडलं म्हणजे वजन उतरत होतं. कुत्रा दिला म्हणजे आपल्यामागे त्याचं कोण करणार ही काळजी. कुंदा, हा माणूस मरायला टेकला होता आणि त्याला ते ठाऊक होतं. हेतू तोच. वाच आता."

इतकं गाळूनसुद्धा ह्यांनी दोन वाक्यांवरून म्हातारा पकडला. दुसरी कुठली वेळ असती तर मी कौतुकानं पुस्तक आपटलं असतं. त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं, की हे आता स्वतःच्या पट्ट्याकडे वळणार. मी पान उघडलं आणि तोंडाला येईल ते वाचायला लागले. पुतण्यानं केलं. दुधवाल्याला फितवलं. इन्स्पेक्टरनं त्याला स्टेशनवर पकडलं. मला काही लिहायला-बिहायला येत नाही. दोन पानांत आटपलं.

हे उशीवरून पुढे झुकले.

"पुतण्या? आणि पट्ट्याचं भोक?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"आणि कुत्रा?"

"नाही हो."

"मग लेखक गाढव आहे," हे म्हणाले. मी म्हटलं, आहेच. तिथेच मिटलं असतं.

पण दोन दिवसांनी नानांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी मेथी निवडत होते. नाना म्हणाले, "नंदू, झालं का पुस्तक? शेवट कसला झकास आहे ना, यार? सगळे धागे चोख बांधलेत, एक लोंबता ठेवला नाही पठ्ठ्यानं."

एक शब्द जरी पुढे बोलले असते तर माझं बिंग फुटलं असतं. पण नियम म्हणजे नियम. नानांनी शेवट उच्चारला नाही, आणि ह्यांनी विचारला नाही.

"फसला माझा," हे एवढंच म्हणाले.

"तुझा? काय सांगतोस?"

"हो. पार फसला." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी हे दोन घास कमीच जेवले. चौथी खूनकथा सुरू केली, तिच्यात आजारबिजार काही नव्हता, मी अक्षर न् अक्षर खरं वाचलं. पण निकाल द्यायची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, "तूच वाच पुढे. मला नाही सुचत." नानांसारखा माणूस चोख म्हणतो तो शेवट आपल्याला दिसला नाही, म्हणजे लेखक गाढव नाही, गाढव आपण. पुरावा ह्यांच्यापुढे होता. तो मीच ठेवला होता.

मे महिन्यातली गोष्ट. मी ह्यांना आंघोळ घालून बाहेर आणलं, लेंगा चढवला, नाडी बांधत होते. ह्यांनी माझा हात धरला.

"कुंदा, जरा बस. खडा निघाला, पिवळेपणा गेला. मग ही नाडी दर आठवड्याला चार बोटं जास्त का उरते? गंधाली पूर्वी महिन्यातून एकदा यायची, आता दर शनिवारी येते आणि जाताना माझ्या पाया पडते. आणि तू हल्ली माझ्याशी भांडत नाहीस. मला कॅन्सर आहे का गं?"

त्या वेळी मी हो म्हणायला हवं होतं. पुढचं सगळं टळलं असतं. मरण नसतं टळलं, पण बाकीचं टळलं असतं. आणि मी काय बोलले ते आज लिहिताना लाज वाटते.

"त्या बंगल्यातल्या म्हाताऱ्याच्या वेळीही तुम्ही असंच सगळं जुळवलं होतंत," मी म्हटलं. "शेवटी काय निघालं?"

ह्यांचा हात सुटला. हे थोडे हसले.

"खरंय," म्हणाले. "पुतण्या निघाला. वाट लागलीय डोक्याची."

आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मी नाडी बांधली, दोन वेढे जास्त मारून, आणि पेज गरम करायला गेले.

त्यानंतर हे म्हणाले, खूनकथा नको, जादूचंच वाच, त्यात डोकं लागत नाही. पूर्वी मी जादूचं काही वाचलं की हे भंडावून सोडायचे. घोडा उडतो तर उतरल्यावर खातो काय, एवढ्या मोठ्या पंखांवर खोगीर बसतं कसं. आता मी तीनशे पानं वाचली, राजे मेले, परत आले, डोंगर बोलले, आणि हे लहान मुलासारखे ऐकत राहिले. एक प्रश्न नाही. म्हणून त्या तीन कादंबऱ्यांबद्दल माझं मत धड नाही. बऱ्याही असतील. मला त्या डोळ्यांसमोर नको आहेत.

जूनच्या सुरुवातीला मला ते सहन होईना. ह्यांच्या मरणाची तयारी मी मनाशी केली होती, पण हे असे आधीच गेल्यासारखे पडून राहतील याची नव्हती केली. गंधालीला न विचारता मी नानांचं पुस्तक कपाटातून काढलं आणि ह्यांच्याजवळ बसले.

"अहो, ऐका. तुमचा निकाल बरोबर होता. म्हाताऱ्यानं स्वतःच घेतलं होतं. मी तुम्हाला शेवट बदलून सांगितला." आणि शेवटचं प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचलं. पट्टा, कुत्रा, नर्सचा जबाब, सगळं.

हे शांतपणे ऐकत होते. संपल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "छान रचलंस. मागच्यापेक्षा कितीतरी छान. पण मला बरं वाटावं म्हणून आता असं नको करूस."

"रचलं नाही हो. हे पुस्तकात आहे." मी पुस्तक ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी पानांवरून बोटं फिरवली आणि पुस्तक परत माझ्याकडे केलं.

"बरं, धरून चालू की तू बदललंस. का बदललंस?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत ह्यांनी हाच प्रश्न किती जणांना विचारला असेल. सरळ प्रश्न, आणि सरळ उत्तर माझ्या तोंडाशी आलेलं. तुम्हाला तोच आजार आहे म्हणून. एवढं एकच वाक्य. हे न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला बघत होते आणि चेहऱ्यावर किती दिवसांनी थोडी धार आली होती. मी तोंड उघडलं आणि माझी हिंमत झाली नाही.

"उगाच," मी म्हटलं.

"उगाच कुणी काही करत नाही, कुंदा," हे अगदी मायेनं म्हणाले. "हेतू नाही, तर दावा नामंजूर. जाऊ दे. घोडेवालं वाच."

मी घोडेवालं वाचलं.

हे गेले त्याला आता चार महिने झाले. गंधाली म्हणते, "बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही, किती बरं झालं गं आई." मी तिला काही सांगितलेलं नाही. ह्यांना कळलं होतं. सगळ्यांच्या आधी, कुणी न सांगता कळलं होतं, आणि ते चूक आहे असं मी ह्यांना पटवलं.

शेवटच्या आठवड्यात हे बोलायचे कमी. पण शुद्ध पूर्ण होती, डॉक्टरही तसंच म्हणाले. एका सकाळी मी तोंड पुसत होते, तर हे म्हणाले, "कुंदा, आज मंगळवार ना?"

"हो."

"काल सोमवार होता म्हणून म्हटलं. पण बघ हं, माझं काही खरं नाही. कॅलेंडर बघून सांग."

मी आतल्या खोलीत जाऊन कॅलेंडर बघितलं. मंगळवारच होता. तसं येऊन सांगितलं.

"नक्की ना?" हे म्हणाले. "बरं. तू म्हणतेस तर असेल."