फोटोसाठी काढलेली जाळी

चारा-गवताच्या रोपवाटिकेत बावीस वर्षं कांड्या लावणाऱ्या बाईंचं डोकं सहसा फिरत नसे. पण यंदा फिरलं, आणि का फिरू नये?

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या भावानं रोपवाटिकेचं पत्रक वाचून कुरण लावलं. ‘लागवडीपासूनच भरपूर ऊन द्यावे,’ असं त्यात छापलेलं. आठवड्यात सगळ्या कांड्या वाळून गेल्या. रोपवाटिकेचे साहेब म्हणाले, लावणाऱ्याचा हातच वाईट. भावाच्या ते असं जिव्हारी लागलं की त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं.

म्हणून बाईंनी साहेबांच्या मागे लागून पंधरा दिवसांची चाचणी पदरात पाडून घेतली. अर्धे ट्रे उघड्यावर, अर्धे हिरव्या जाळीखाली. पंधराव्या दिवशी सगळ्यांसमोर मुळं मोजायची आणि जाळीखालची सरस निघाली तर पत्रक बदलायचं. आठव्या दिवशी उघड्यावरच्या कांड्यांनी माना टाकल्या होत्या. जाळीखाली मात्र डोळ्याडोळ्याला कोंब.

नवव्या दिवशी बाई दात दाखवायला गेल्या, तेवढंच निमित्त झालं. दुपारी येऊन बघतात तर जाळीची घडी कोपऱ्यात आणि कोंब करपलेले. साहेबांनी सकाळी फोटोवाला बोलावला होता. जाळीखाली म्हणे फोटो काळपट येतो. आणि फोटो झाल्यावर जाळी परत घालायचं कुणाच्या बापाला सुचलं नाही!

“पाणी मारा जरा, उठतील,” साहेब म्हणाले.

“मुळंच फुटली नाहीत अजून,” बाई म्हणाल्या. “पाणी प्यायचं कशानं?”

साहेबांनी घड्याळात बघितलं. चाचणी काय, पुढच्या वर्षी पुन्हा करू, म्हणाले.

महिन्याभरात नवं पत्रक गुरं पाळणाऱ्या घराघरात गेलं. वर बाईंच्याच ट्रेचा फोटो, जाळीखाली वाढलेले कोंब, लख्ख उन्हात. खाली तेच जुनं वाक्य.

बाई हातातल्या पत्रकाकडे बघत दात-ओठ खात होत्या, तेवढ्यात फोन वाजला. वर्षानं भावाचा आवाज.

“ताई, फोटो बघितला. भर उन्हात काय तरारलंय गं! म्हणजे माझाच हात वाईट.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“तुझ्या हाताला काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “आज येते मी. दोरी शोधून ठेव.”

मग त्यांनी कोपऱ्यातली जाळीची घडी काखोटीला मारली आणि साहेबांच्या देखत फाटकाबाहेर पडल्या.