अप्रतिम छायाचित्र

विद्यापीठाच्या वनस्पती विभागाच्या तळमजल्यावर वाळलेल्या गवतांचा संग्रह होता. अठ्ठावीस कपाटं, त्यांत जाड कागदांवर डिंकाने चिकटवलेली गवतं, आणि ती सांभाळणारी एक बाई. तिला सगळे गवतबाईच म्हणत. विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, फोनवर गवताच्या अभ्यासकांचा ग्रुप काढला. सभासद त्यांनी जमवले, सांभाळायला तिला दिला. म्हणाले, "तुम्हाला खाली तसं काम तरी काय असतं?"

बघता बघता सभासद दोनशे बारा झाले. सकाळी सहापासून फुलं यायची, मग सुविचार, मग कुणाच्या तरी शोधनिबंधाचं पहिलं पान. त्यावर चाळीस अभिनंदनं, आणि त्या चाळीस जणांना वेगवेगळे चाळीस धन्यवाद. गवताबद्दल बोलायला उसंत कुणाला होती? गवतबाईने ग्रुपचा आवाज केव्हाच बंद केला होता. आठवड्यातून एकदा केर काढावा तशी ती वरवर नजर फिरवायची.

एका सोमवारी तशीच नजर फिरवताना तिला गुरांच्या एका डॉक्टरचा निरोप दिसला. नऊ दिवसांपूर्वीचा. "हे गवत खाऊन दोन गायी थरथरत खाली बसल्यात. हे कुठलं गवत? लवकर कळलं तर बरं होईल." सोबत कणसाचा फोटो. त्याखाली सतरा जणांच्या टाळ्या, मोठ्या सरांचं "अप्रतिम छायाचित्र!", आणि मग सरांच्याच वाढदिवसाच्या एकशे नऊ शुभेच्छा.

ते कणीस ओळखायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. तेराव्या कपाटात त्याचे सहा नमुने होते. तिने डॉक्टरला फोन लावला.

"उशीर झाला, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला जड गेलं. "पाच गेल्या. नंतर माझं मीच शोधलं. पण माणसं प्रेमळ आहेत हो तुमची. फोटो आवडला सगळ्यांना."

संध्याकाळी ताट तसंच ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "तो प्रश्न नऊ दिवस माझ्या खिशात पडून होता."

नवरा शिंपी होता. "मग खिसा उलटा कर आणि झटक," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रुपवर लिहिलं की यापुढे इथे फक्त गवत. विचारणाऱ्याने ते कुठे मिळालं ते सांगायचं, नाव सांगणाऱ्याने ते कशावरून ओळखलं ते. बाकी सगळं पुसलं जाईल. दुपारपर्यंत तिने सव्वीस फुलं, चार सुविचार आणि सरांच्या सत्काराचे अकरा फोटो पुसले.

तासाभरात वरून बोलावणं आलं.

"माणसं जोडायला वर्षं लागतात," सर म्हणाले. "तुम्ही एका दिवसात तोडताय."

"सर, पाच गायी मेल्या."

"त्याचं वाईट वाटतंच. पण आपण अभ्यासक आहोत, गोठा नाही चालवत."

"तसं ग्रुपवर लिहू का? सगळ्यांना कळेल."

सरांनी समोरची फाइल उघडली आणि तीत डोकं घातलं. आठवडाभरात त्यांचा नवा ग्रुप निघाला, 'तृणस्नेह' नावाचा. एकशे एक्याऐंशी जण तिकडे गेले, तेही जाताना लांबलचक निरोपाची भाषणं ठोकून. ती भाषणंही तिने पुसली. सर मात्र इकडेही राहिले, पाळत ठेवायला.

महिन्याभराने डॉक्टरने दुसरा फोटो टाकला. सरांनी लगेच एक भारदस्त लॅटिन नाव ठोकून दिलं. एका रोपवाटिकेतल्या माळीणबाईंनी लिहिलं, "नसावं. त्याच्या पानाच्या बुडाशी केस असतात. इथे साफ आहे."

"आपलं शिक्षण?" सरांनी विचारलं.

गवतबाईने ते पुसलं आणि खाली लिहिलं, "सर, कशावरून तेवढं सांगा."

थोड्या वेळाने त्यांचं ते लॅटिन नावही आपोआप नाहीसं झालं. उरलेल्यांतले तिघे पानं, पेरं, कुसळं यांवरून हमरीतुमरीवर आले, पण तासाभरात नाव पक्कं झालं. गवत वाईटच होतं. डॉक्टरने कुरणाचा तो कोपरा कुंपण घालून बंद केला. या वेळी एकही गाय बसली नाही, आणि कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

वर्षअखेरीस 'तृणस्नेह'ने आपल्या सर्व सभासदांना मानपत्रं वाटली. मोठ्या मनाने एक खालीही पाठवलं, 'कुशल समन्वयक' म्हणून. नवरा म्हणाला, "चौकट करून आणू का?"

"नको," ती म्हणाली. "पाठ कोरी आहे, कागदही चांगला जाड आहे." आणि माळीणबाईंनी टपालाने पाठवलेली तीन कणसं तिने त्या पाठीवर नीट पसरली आणि डिंकाची बाटली उघडली.